लवंगेचे जुने आडनाव

दंतवैद्याच्या दवाखान्याला त्याचा म्हणून एक वास असतो. खुर्चीवर टेकण्याआधीच तो नाकात भरतो आणि अनेकांना त्यानेच धडकी भरते. तो वास दुसऱ्या कशाचा नसून लवंगेचा आहे. आमटीच्या फोडणीत, मसालेभातात, विड्यात आपण जी वापरतो तीच ही लवंग. तिच्या तेलातला मुख्य घटक म्हणजे युजेनॉल. चांगल्या तेलात तो साधारण 70 ते 90 टक्के असतो. दाढेचा ठणका थांबवणारा, किडलेल्या दाताची खळगी तात्पुरती बुजवणाऱ्या सिमेंटात मिसळला जाणारा आणि दवाखान्याला त्याचा वास देणारा घटक हाच. दाताच्या औषधांत वनस्पतींची नावे पुष्कळ आहेत, पण एकाच पदार्थाला इतक्या लांबलांबच्या नावांनी वेढलेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही. ती नावे एकेक करून उलगडण्यासारखी आहेत.

आधी दुखण्याचे शब्द पाहू. डोके दुखते, पोट दुखते, पण दाढ ठणकते. हिरडी सुजते, दात शिवशिवतो, कैरी खाल्ली की आंबतो, आणि किडीची पोकळी आत गाभ्यापर्यंत पोचली की कळ थेट कानापर्यंत जाते. या दुखण्यावरचा घरगुती उपाय सांगताना मराठीत क्रियापदही ठरलेले आहे. लवंग ‘खा’ असे कोणी सांगत नाही. ‘दाढेत लवंग धर’ असेच सांगतात. धरायची म्हणजे दाढेखाली ठेवायची, हलकेच दाबायची आणि पाझरणारे तेल दुखऱ्या जागी मुरू द्यायचे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, मुखशुद्धीच्या वस्तूंची यादी येते. जायफळ, सुपारी, कंकोळ, विड्याचे पान, कापूर, वेलची आणि त्यांच्यासोबत लवंग. या वस्तू तोंडात ‘धारण’ करायच्या असे तिथे सांगितले आहे. चरकाचे प्रयोजन वेगळे होते. तिथे तोंड स्वच्छ व सुगंधी राहावे आणि अन्नाला रुची यावी म्हणून लवंग आहे, ठणक्यासाठी नाही. पण धातू तोच, ‘धृ’. आजीच्या तोंडचे ‘धर’ आणि संहितेतले ‘धार्य’ हे एकाच घरचे शब्द आहेत.

चीनमध्येही हान राजवटीच्या काळापासून अशी चाल सांगितली जाते. सम्राटाशी बोलायला जाताना दरबाऱ्याने तोंडात लवंग धरायची, म्हणजे श्वासाची दुर्गंधी सम्राटापर्यंत पोचू नये. लवंगेचे तिथले जुने नाव मोठे चित्रमय आहे. त्याचा अर्थ होतो ‘कोंबडीच्या जिभेचा सुगंध’. पुढे ते मागे पडले आणि ‘खिळ्याचा सुगंध’ या अर्थाचे नाव रूढ झाले.

हा खिळा इतरत्रही भेटतो. लॅटिनमध्ये ‘क्लावुस’ म्हणजे खिळा. त्यातून फ्रेंच ‘क्लू’ आणि इंग्रजी ‘क्लोव्ह’ आले. पोर्तुगीज ‘क्रावु’ त्याच मुळाचा. जर्मन ‘नेल्के’ म्हणजे लहानसा खिळा. फारसी ‘मीखक’चाही अर्थ तोच, कारण ‘मीख’ म्हणजे मेख, आपल्या ‘मेख मारणे’मधली. इतक्या लोकांनी तिच्याकडे पाहिले आणि त्यांना तिच्यात खिळाच दिसला. गंमत अशी की यांतल्या जर्मन, पोर्तुगीज आणि फारसी नावांनी कार्नेशनचे फूलही ओळखले जाते, कारण त्या फुलाला लवंगेसारखा वास असतो आणि तो वासही बऱ्याच अंशी युजेनॉलचाच.

मराठीत मात्र लवंगेच्या नावात खिळा कुठेच नाही. तो कामात आहे. त्रिकोणी गोविंद विडा करताना पानाची शेवटची घडी लवंग टोचून बंद करतात. आपण तिला खिळा म्हटले नाही, पण खिळ्यासारखी वापरली. विडा तोंडात जातो तेव्हा ती मेखही चावली जाते.

मग ‘लवंग’ हा शब्द आला कुठून? संस्कृतात तो ‘लवङ्ग’ असा नपुंसकलिंगी आहे. कोशांत त्याला ‘देवकुसुम’ असेही नाव आहे आणि ते फार नेमके आहे, कारण लवंग हे फळ नाही, बी नाही, ती न उमललेली कळी आहे. चांगली लवंग तळहातावर घेऊन नीट पाहावी. दांडा म्हणजे फुलाचा खालचा भाग. त्यावर चार टोकदार संदले, आणि त्यांच्या मधोमध मिटलेल्या चार पाकळ्यांची गोल टोपी. कळी गुलाबी झाली की खुडतात आणि काही दिवस उन्हात वाळवून तपकिरी करतात. उमलू दिली तर भाव पडतो. दांड्यावर नख दाबले की तेलाचा ओलावा वर येतो. तो आला नाही तर तेल आधीच काढून घेतलेली लवंग आपल्या माथी मारली आहे असे समजावे. वाण्याच्या दुकानातली जुनी पारख हीच, आणि दाढेसाठी लवंग घेताना तर ती करायलाच हवी. टोपी झडलेली, कोरडी लवंग दाढेत धरून काहीही होत नाही.

‘लवङ्ग’ची व्युत्पत्ती संस्कृत व्याकरणाच्या चौकटीत बसवण्याचे प्रयत्न झाले, ‘लू’ म्हणजे कापणे या धातूपासून ती साधली गेली. पण काही भाषाशास्त्रज्ञांचे मत वेगळे आहे आणि मला ते पटते. त्यांच्या मते हा शब्द मलय कुळातल्या भाषांमधून खलाशांबरोबर इकडे आला. मलयमध्ये आजही ‘बुंगा लावांग’ हा शब्द आहे, फक्त तो आता चक्रीफुलाला वापरतात. ‘बुंगा’ म्हणजे फूल. झाडाचा भूगोलही याच बाजूने साक्ष देतो. लवंगेचे मूळ घर म्हणजे आजच्या इंडोनेशियातली मालुकू बेटे. त्यांतलीही तर्नाते, तिदोरे, मोती, माकियान आणि बाचान ही चिमुकली बेटे. शेकडो वर्षे जगातली लवंग तिथूनच निघत होती. जिथे झाड नाही तिथे त्याचे मूळ नावही नसणार. माल येतो तसे नावही मालाबरोबर येते.

कालिदासाला हे ठाऊक होते. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीचे स्वयंवर आहे. इंदुमती विदर्भाची राजकन्या, म्हणजे हा प्रसंग आपल्याच मुलखातला. कलिंगाच्या राजाची ओळख करून देताना इंदुमतीची द्वारपालिका सुनंदा त्याच्या समुद्रकिनाऱ्याचे वर्णन करते. तिथे वाऱ्याबरोबर येणारी लवंगेची फुले ‘द्वीपांतरा’हून आलेली आहेत, दुसऱ्या बेटाहून. पंधराशे वर्षांपूर्वीच्या या कवीने लवंग आपल्या भूमीत उगवलेली दाखवली नाही, पूर्व किनाऱ्यावर समुद्रापलीकडून येताना दाखवली. वनस्पतिशास्त्राचे पुस्तकही याहून नेमके काय सांगणार! जयदेवाच्या गीतगोविंदातल्या लवंगलतेचा मात्र या लवंगेशी संबंध नाही. लवंगेचे झाड असते, वेल नसते. लवंगलता ही लिंबाच्या कुळातली वेगळीच वेल आहे. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या प्रजातीला ‘लुव्हुंगा’ असेच नाव दिले.

मराठी रूपाविषयी एक निरीक्षण नोंदवण्याजोगे आहे. बोलीतून आलेल्या आपल्या शब्दांत ‘अव’चा ‘ओ’ होतो. ‘लवण’चे ‘लोण’ झाले आणि त्यातून लोणचे आले. ‘नवनीत’चे ‘लोणी’ झाले. त्याच वाटेने ‘लवङ्ग’चे काहीतरी ‘लोंग’सारखे व्हायला हवे होते. हिंदीत ‘लौंग’ झालेही. पंजाबी आणि हिंदी भाषकांनी तर नाकातल्या चमकीलाही लौंग म्हटले. मराठीने मात्र शब्द जसाच्या तसा ठेवला, फक्त लिंग बदलले: ती लवंग, त्या लवंगा. माझ्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ असा की मीठ आणि लोणी ज्या तोंडांतून झिजत आले त्या तोंडांतून लवंग फारशी गेली नाही. ती महाग होती. वैद्याच्या बटव्यात, देवाच्या विड्यात, श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात तिचे राहणे होते, आणि पोथीचे नाव तिच्या अंगावर तसेच टिकले. सामान्यांच्या बोलीत ती उतरली ती मापाच्या रूपाने. आखूड, सडपातळ आणि झोंबणारी ती लवंगी मिरची. बारीक पण कानठळ्या बसवणारा तो लवंगी फटाका. आकार लहान आणि जाळ मोठा, हा अर्थ ‘लवंगी’ या विशेषणात मराठीने भरला, आणि तो दाढेत लवंग धरलेल्या माणसालाच सुचला असणार.

दक्षिणेकडे गोष्ट आणखी गुंतते. तमिळमध्ये लवंगेला ‘किरांबु’ म्हणतात, आणि ‘इलवंगम्’ हा शब्द दालचिनीच्या सालीसाठी वापरला जातो. म्हणजे नाव पोचले आणि मसाला बदलला. अरबीत ‘करन्फुल’, ग्रीकमध्ये ‘कार्युओफिल्लोन’. त्या ग्रीक शब्दाचा वरवरचा अर्थ ‘अक्रोडाचे पान’ असा होतो, पण लवंगेत ना अक्रोड ना पान. परका शब्द कानावर पडला आणि त्याला ओळखीच्या शब्दांचे कपडे चढवले गेले, असाच हा प्रकार दिसतो.

आता युजेनॉल. आपल्या ओठांवरच्या नावांत हे सर्वांत नवे, आणि त्याची वाट सर्वांत वाकडी.

1663 मध्ये पॅरिसमध्ये सावॉय घराण्यात एक राजपुत्र जन्मला. त्याचे नाव यूजीन. फ्रान्सच्या राजाने सैन्यात घेतले नाही म्हणून तो ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग सम्राटाच्या चाकरीत गेला आणि युरोपातल्या नामांकित सेनापतींत त्याची गणना झाली. 1697 मध्ये झेंटा येथे आणि 1717 मध्ये बेलग्रेड येथे त्याने उस्मानी तुर्कांच्या फौजांचा पराभव केला. व्हिएन्नात त्याने बेल्व्हेदेर हा महाल आणि त्याभोवती बाग उभारली; दुर्मीळ झाडे जमवण्याचा त्याला नाद होता. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अंतोनियो मिकेली याने 1729 च्या आपल्या ग्रंथात एका वनस्पतिप्रजातीला या राजपुत्राच्या सन्मानार्थ ‘युजेनिया’ असे नाव दिले. ते झाड होते दक्षिण अमेरिकेतले, लाल खाचदार फळांचे. लवंगेशी राजपुत्राचा संबंध नाही, आणि त्या झाडाचाही मालुकूशी संबंध नाही.

पुढे लवंगेचे झाड त्याच प्रजातीत घातले गेले आणि तिला ‘युजेनिया’ हे आडनाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या तेलातला घटक वेगळा केला तेव्हा त्याचे नाव या आडनावावरूनच पडले. शेवटचा ‘ऑल’ हा अल्कोहोलचा अवशेष, आणि अल्कोहोल हा शब्द मुळात अरबी ‘अल-कुह्ल’, म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. विसाव्या शतकात, 1939 मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञांनी लवंगेला युजेनियातून काढून ‘सिझिजियम’ या प्रजातीत नेले. झाडाचे आडनाव बदलले, तेलाचे राहिले. आज दंतवैद्याच्या कपाटातल्या बाटलीवर जे नाव आहे ते झाडाने केव्हाच टाकून दिलेले आहे.

मात्र ‘यूजीन’ या नावाच्या आत शिरले की आपण पुन्हा ओळखीच्या अंगणात येतो. ग्रीक ‘एउ’ आणि संस्कृत ‘सु’ हे सख्खे. ‘गेनोस’ आणि ‘जन’ हेही सख्खे. यूजीन म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. अक्षरशः उलटवायचे तर ‘सुजन’.

आणि ‘सिझिजियम’? यातला ‘सिन’ म्हणजे सह, आणि ‘झिगोन’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. संस्कृत ‘युग’, मराठी ‘जू’, इंग्रजी ‘योक’ ही सगळी त्याच मुळाची पिले. हे नाव अठराव्या शतकात जोडीजोडीने येणाऱ्या पाना-फांद्यांवरून दिले गेले. सह अधिक युग, म्हणजे जवळजवळ संयुग. मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाने हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात घोकला आहे: मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. हिंदीने त्यासाठी ‘यौगिक’ घेतला, मराठीने ‘संयुग’. युजेनॉल हे एक संयुग, दहा कार्बन, बारा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन यांचे. आणि ज्या झाडातून ते येते त्याच्या नावाचाही अर्थ तोच. हा योगायोग कोणी जुळवलेला नाही. जुन्या संस्कृतात मात्र ‘संयुग’ म्हणजे लढाई, दोन सैन्यांची गाठ. ज्यांनी तो रसायनाच्या पुस्तकात आणला त्यांनी त्यातली लढाई काढून टाकली आणि जोडणी तेवढी ठेवली. मला ही निवड फार मोलाची वाटते. परिभाषेचे शब्द रुक्ष असतात अशी तक्रार आपण सहज करतो, पण असे शब्द उघडून पाहायची तसदी घेत नाही.

त्या जोडणीचा प्रत्यक्ष प्रयोग दंतवैद्याच्या टेबलावर होतो. काचेच्या जाड पट्टीवर पांढऱ्या पुडीची ढिगली आणि शेजारी युजेनॉलचे दोन-चार थेंब. पुडी म्हणजे झिंक ऑक्साइड. झिंक म्हणजे आपले जस्त, संस्कृतात यशद. चपट्या पात्याने थोडी थोडी पुडी तेलात ओढत घोटत राहिले की आधी लापशीसारखा आणि मग मळलेल्या कणकेसारखा गोळा होतो. तोंडातल्या ओलाव्याने तो आणखी लवकर घट्ट बसतो. युजेनॉलचे दोन रेणू जस्ताच्या एका अणूला दोन्ही बाजूंनी पकडतात. या पकडीला रसायनशास्त्रात ‘किलेट’ म्हणतात, आणि त्याचे ग्रीक मूळ म्हणजे खेकड्याची नांगी. हे मिश्रण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात आहे. खळगी बंद होते आणि हळूहळू सुटणारे युजेनॉल गाभ्याला शांत करते. पण ज्या दातात पुढे दाताच्या रंगाचे कंपोझिट भरायचे असेल तिथे डॉक्टर हे सिमेंट टाळतात, कारण युजेनॉल त्या भरणीला नीट कडक होऊ देत नाही.

ठणका थांबतो तो कसा, हेही बरेचसे उलगडले आहे. वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंच्या पडद्यातली सोडियमची दारे युजेनॉल अडवते, आणि सूज वाढवणारी द्रव्ये तयार होण्यातही आडकाठी घालते. 2006 मध्ये कुवेतमधल्या संशोधकांनी लवंगेचे जेल आणि बेंझोकेन हे नेहमीचे बधिरीकरण यांची तुलना केली. हिरडीत सुई टोचण्याआधी लावल्यावर दोन्हींनी सारखाच आराम दिला. दात किडवणाऱ्या आणि हिरड्या बिघडवणाऱ्या जिवाणूंवर युजेनॉलचा मारा चालतो हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसले आहे.

पण इथेच आपला ‘कीड’ हा शब्द घोटाळा करतो. सुश्रुतसंहितेत दात किडण्याला ‘कृमिदंतक’ म्हटले आहे. बाबिलोनियातही दातात अळी असते असा समज होता. पिएर फोशार याने 1728 मध्ये फ्रान्समध्ये दंतवैद्यकाचा मोठा ग्रंथ काढला तेव्हा त्याने ही अळी नाकारली, आणि दुखणाऱ्या दातासाठी लवंगेचे व दालचिनीचे तेल मात्र सुचवले. अळी गेली, मराठी शब्द राहिला. त्यामुळे कीड म्हणजे काहीतरी जिवंत, ते लवंगेने मरते आणि मग काम संपते, असे आजही पुष्कळांना वाटते. कीड म्हणजे साखर खाऊन आम्ल सोडणाऱ्या जिवाणूंनी दाताला पाडलेले भोक. लवंग ते भोक भरून काढत नाही. ठणका थांबला म्हणून चार-सहा महिने दवाखान्याची पायरी न चढणारी आणि मग गाल सुजवून येणारी माणसे गावोगावी आहेत, आणि लवंगेवर जीव असणाऱ्यांनीच हे मोठ्याने सांगायला हवे. बाटलीतले निव्वळ तेल तर हिरडीला पोळते. ते कापसावर एखाद-दोन थेंब, खाण्याच्या तेलात पातळ करून लावावे. लहान मुलांच्या हाती ती बाटली लागू देऊ नये, कारण पोटात गेल्यास यकृताला इजा होते.

आता पुन्हा झाडाकडे. लवंग भारतात लागली ती साधारण 1800 च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीने तमिळनाडूतल्या कुट्रालम येथे लावली तेव्हा. आज कन्याकुमारीच्या लवंगेला भौगोलिक मानांकन आहे. एरवी मुंबईच्या बाजारात ती झांजिबारहून येई, इतकी की तिथल्या सरकारने भारतीय व्यापाऱ्यांचा धंदा आवळला तेव्हा, 1937 मध्ये, काँग्रेसने झांजिबारच्या लवंगेवर बहिष्कार घातला होता.

आपल्या मातीत मात्र तिचा सख्खा भाऊ पहिल्यापासून आहे. लवंगेच्या 1939 नंतरच्या नावाने पाहिले तर जांभूळही सिझिजियमच. संस्कृत ‘जंबू’वरून आलेला हा शब्द लवंगेसारखा पोथीतला राहिला नाही, तो झिजला, ‘ळ’ लावून घरचा झाला आणि एका रंगाला नाव देऊन बसला. जांभळाच्या सालीच्या काढ्याने चूळ भरणे हा हिरड्यांवरचा खेड्यातला जुना उपाय. त्यात युजेनॉलचे काम नाही, तुरटपणाचे आहे. सालीतले टॅनिन हिरडीच्या वरच्या थरातल्या प्रथिनांना बांधते. भाऊ-बहिणीची कामे अशी वाटलेली आहेत: लवंगेने दाढ बधिर होते, जांभळाच्या सालीने हिरड्या आवळतात.